अन्ननलिकेचा एक अधिहर्षताजन्य शोथ : प्रौढांतील त्याचे प्रमाण आणि गणनेचा प्रश्न

१. विषयप्रवेश

एखाद्या रोगाचे लोकसंख्येतील प्रमाण किती, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाच्या किंवा संख्याशास्त्राच्या कक्षेतला समजला जातो. भाषाविज्ञान विभागाच्या संशोधनपत्रिकेत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, मोजण्यापूर्वी नाव द्यावे लागते, आणि नाव देण्यापूर्वी सीमा आखावी लागते. जिला नाव नाही त्या वस्तूची मोजदाद होत नाही. जिची सीमा बदलते तिची संख्याही बदलते.

भाषांच्या गणनेच्या संदर्भात ही गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १९६१ च्या भारतीय जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ च्या जनगणनेत मातृभाषांची गटवारी करून आणि दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा वेगळ्या न दाखविता जी यादी प्रसिद्ध झाली, तीत १०८ भाषा होत्या. दहा वर्षांत दीड हजार भाषा मृत झाल्या, असा अर्थ यावरून कोणी काढीत नाही. गणनेचा उंबरठा बदलला, एवढेच आपण समजतो. रोगांच्या आकड्यांपुढे मात्र ही सावधगिरी आपण बहुधा विसरतो. ‘लाखात इतके’ असे छापलेले दिसले की तो आकडा निसर्गातूनच उचलून आणला आहे, असे वाटू लागते.

प्रस्तुत लेखात एका तुलनेने नव्या रोगाच्या आधारे हा प्रश्न तपासावयाचा आहे. हा रोग म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तराचा अधिहर्षताजन्य शोथ. वैद्यकीय परिभाषेत इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, आणि मराठीत इओसिनरागी अन्ननलिकाशोथ. तो प्रौढांत किती आढळतो, ते आकडे कसे हाती आले, आणि कोण त्यांच्याबाहेर राहिले, असे तीन प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत.

२. रोगाचे स्वरूप आणि त्याचे नाव

आपल्या रक्तातील श्वेतपेशींचा एक प्रकार इओसिन या तांबूस रंगद्रव्याने विशेष रंगतो. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ साली या पेशींना ‘इओसिनोफिल’, म्हणजे इओसिनची आवड असलेल्या, असे नाव दिले. रंगद्रव्याच्या नावाशी निगडित असलेला ग्रीक शब्द ‘इओस’ म्हणजे पहाट, पहाटेची देवता; तो आणि वैदिक ‘उषस्’ हे एकाच मुळातून निघालेले सगोत्र शब्द होत. मराठी परिभाषेतील ‘इओसिनरागी’ या रूपातला ‘राग’ हा रंग आणि अनुराग असे दोन्ही अर्थ वाहतो. ही मूळ शब्दाहून अधिक झालेली प्राप्ती म्हणावी लागेल.

या पेशी जठरात व आतड्यांत एरव्हीही वास करून असतात. अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र निरोगी अवस्थेत त्या आढळत नाहीत. काही व्यक्तींत विशिष्ट अन्नघटकांविरुद्ध, विशेषतः दूध, गहू, अंडी, सोयाबीन, कवचफळे आणि मासे यांपैकी एक किंवा अनेकांविरुद्ध, शरीराची प्रतिकारयंत्रणा उठते आणि या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात गोळा होतात. अस्तर सुजते, दीर्घ काळ सुजत राहिले तर त्याखाली तंतुमय ऊती वाढते, आणि एरव्ही लवचीक असणारी नळी ताठर व अरुंद होते. लहान मुलांत उलटी, पोटदुखी, खाण्याची नावड अशी लक्षणे दिसतात. प्रौढांत मुख्य लक्षण एकच असते : घन पदार्थाचा घास छातीत अडकतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. परकी, निराळी प्रतिक्रिया असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. मराठीतील ‘अधिहर्षता’ या पर्यायाने पुष्कळांना हसू येते. परंतु हर्ष शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘हृष्’ धातूचा अर्थ ताठ उभे राहणे, शहारणे असा आहे, हे ‘रोमहर्ष’ या शब्दावरून ध्यानी यावे. त्या दृष्टीने हा पर्याय अयथार्थ नाही. मात्र येथील अधिहर्षता अंगावर पित्त उठण्याच्या किंवा श्वास कोंडण्याच्या तत्काळ प्रकारातली नव्हे. ती संथ गतीने, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या मापाने काम करते. रोग्याला अमुक खाल्ले आणि तमुक झाले, असा संबंध जोडता येत नाही. अनेक रुग्णांना दमा, शिंकांची सर्दी किंवा त्वचेचा इसब असतो. त्या व्याधींची नोंद होते, ही राहून जाते.

३. नावापूर्वीचा काळ

अन्ननलिकेत इओसिनरागी पेशी दिसल्याचे एक वर्णन १९७८ सालचे आहे. त्यातील रुग्णाला अन्ननलिकेच्या हालचालींचा निराळाच विकार होता. १९८२ साली एका अभ्यासात असे मांडले गेले की, अन्ननलिकेच्या अस्तरातील इओसिनरागी पेशी ही जठरातील आम्ल वर चढत असल्याची खूण होय. हे मत पुढे दहा वर्षे प्रमाण मानले गेले. त्याचा परिणाम असा झाला की, सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी दिसल्या तरी त्यांचे वाचन ‘आम्लामुळे झालेली जखम’ असेच होई. चिन्ह समोर होते. त्याचा अर्थ मात्र आधीच ठरून गेला होता.

१९९३ साली स्टीफन ॲटवुड आणि त्यांचे सहकारी यांनी गिळण्यास अडचण असलेल्या बारा प्रौढ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या अन्ननलिकेत इओसिनरागी पेशी विपुल होत्या, पण बहुतेकांत आम्लाचे प्रमाण मोजले असता ते सामान्य निघाले. हा आम्लविकार नव्हे, स्वतंत्र रोग होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील आलेक्स श्ट्राउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांचे वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. हा रोग वारंवार ओळखू येत नाही, ही तक्रार त्यांनी लेखाच्या मथळ्यातच नोंदविली होती. १९९५ साली अमेरिकेत दहा मुलांना प्रथिनांऐवजी केवळ ॲमिनो आम्ले असलेला आहार देण्यात आला, तेव्हा दहाही मुलांची लक्षणे नाहीशी झाली किंवा कमी झाली. अन्नातील प्रथिने कारणीभूत आहेत, हे त्यावरून दिसले.

त्यानंतरचा इतिहास व्याख्येचा आहे. २००७ साली तज्ज्ञांच्या मंडळाने पहिली एकमताची व्याख्या दिली. दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या प्रबळ भिंगाखाली ठेवला असता एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनरागी पेशी दिसल्या पाहिजेत. लक्षणे असली पाहिजेत. आणि आम्लरोधक औषधाने हा शोथ बरा होता कामा नये. यातली तिसरी अट महत्त्वाची आहे. आम्लरोधकाने जो बरा होतो तो आम्लविकार, या जुन्या समजुतीचा तो अवशेष होता. पुढे असे आढळले की, आम्लरोधकाने बरे होणारे आणि न होणारे रुग्ण लक्षणांत, पेशींत व जनुकांच्या वर्तनात एकमेकांसारखेच असतात. २०११ साली बरे होणाऱ्यांच्या गटाला एक वेगळे, लांबलचक नाव देण्यात आले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय मतैक्याने ते नाव आणि ती अट दोन्ही मागे घेण्यात आली.

याचा गणनेवरील परिणाम उघड आहे. आम्लरोधक औषधाने सुमारे निम्म्या रुग्णांच्या अस्तरातील शोथ आटोक्यात येतो, असे एकत्रित अभ्यासांवरून दिसते. म्हणजे २००७ च्या व्याख्येने जे लोक या रोगाच्या बाहेर होते, ते २०१८ च्या व्याख्येने आत आले. माणसे तीच, पेशी त्याच, घासही तसाच अडकत होता.

पंधरा या आकड्याचेही असेच आहे. सर्व सूक्ष्मदर्शकांचे दृष्टिक्षेत्र एकाच आकाराचे नसते. मोठ्या क्षेत्रात साहजिकच अधिक पेशी मोजल्या जातात. म्हणून आता दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६० पेशी, असे समतुल्य मापही देण्यात येते. शिवाय पेशी अस्तरात सर्वत्र सारख्या पसरलेल्या नसतात. त्या ठिगळांप्रमाणे असतात. एकच तुकडा घेतला तर रोग निसटू शकतो. याकरिता निरनिराळ्या पातळ्यांवरून मिळून किमान सहा तुकडे घ्यावेत, अशी शिफारस आहे. काही रुग्णांची अन्ननलिका दुर्बिणीतून पाहता निरोगी दिसते. ‘वरून ठीक दिसते’ म्हणून तुकडा घेतलाच नाही, तर तो रुग्ण कोणत्याही गणनेत येत नाही.

४. आकडे काय सांगतात

रोगगणनेत दोन मापे असतात आणि त्यांची गल्लत टाळणे अवश्य आहे. एका वर्षात लाख लोकांमागे किती नवे रुग्ण आढळले, हे नवोद्भवाचे माप. एका विशिष्ट क्षणी लाख लोकांमागे एकूण किती रुग्ण आहेत, हे व्याप्तीचे माप. हौदात पडणारी धार आणि हौदातले पाणी यांत जो फरक, तोच येथे समजावा. प्रस्तुत रोगाच्या बाबतीत या हौदाला खालून वाट जवळजवळ नाहीच : रोग पूर्ण जात नाही, आणि त्याने आयुष्य कमी होत असल्याचेही दिसत नाही. म्हणून धार बारीक असली तरी वर्षानुवर्षे पाणी चढत राहते.

यासंबंधीचा सर्वांत मोलाचा दीर्घकालीन अभ्यास स्वित्झर्लंडमधील ओल्टेन परगण्याचा आहे. सुमारे एक लाख वस्तीच्या या भागात श्ट्राउमान यांनी १९८९ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. २००९ पर्यंतच्या वीस वर्षांत ४६ रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुष होते, आणि सरासरी वय ४१ वर्षे होते. नवोद्भवाची वार्षिक सरासरी लाखामागे २.४५ पडली, २००० नंतर मात्र ती ठळकपणे वाढली. वीस वर्षांअखेर व्याप्ती लाखामागे ४२.८ होती, म्हणजे सुमारे २,३०० माणसांत एक.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात, जेथे रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी अनेक दशके एकत्र ठेवल्या जातात, १९९१ ते १९९५ या काळात नवोद्भव लाखामागे ०.३५ होता, २००१ ते २००५ या काळात तो ९.४५ झाला. २००६ च्या प्रारंभी व्याप्ती लाखामागे ५५ होती. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींनुसार २०१२ साली व्याप्ती लाखामागे १३.८ होती. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात प्रौढांतील व्याप्ती लाखामागे ४२.२ आणि मुलांतील ३४ अशी निघाली. प्रौढांतील आकडा मोठा आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण अन्नाची अधिहर्षता हा बालपणाचा विकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

अमेरिकेतील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २००९ ते २०११ या काळातील विमा-नोंदींवरून तेथील व्याप्ती लाखामागे सुमारे ५७ आली होती. २०२२ च्या नोंदींवरून ती लाखामागे सुमारे १४२ आली. म्हणजे सुमारे ७०० माणसांत एक. येथे एक प्रशासकीय तपशील नोंदविला पाहिजे. अमेरिकेच्या रोगसूचीत या रोगाला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. त्यापूर्वी विम्याच्या कागदांवरून त्याची गणना करणे शक्यच नव्हते; सूचीत नाव नाही, तर नोंदीतही रुग्ण नाही.

आतापर्यंतचे सर्व आकडे निदान झालेल्यांचे आहेत. निदानाची वाट न पाहता सरसकट माणसे तपासली तर काय दिसते? उत्तर स्वीडनमधील कालिक्स आणि हापारांदा या भागांत यादृच्छिक रीतीने निवडलेल्या एक हजार प्रौढांची दुर्बिणीतून तपासणी करून प्रत्येकाच्या अस्तराचे तुकडे घेण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार जणांत पेशींची संख्या निश्चित निदानाच्या मर्यादेपलीकडे होती. हजारांत चार म्हणजे लाखात चारशे. ओल्टेनच्या सुमारे नऊपट. हा आकडा सावधपणेच वापरला पाहिजे. चार ही लहान संख्या आहे, आणि निकष पेशींच्या संख्येचा होता; आजच्या व्याख्येप्रमाणे पेशींबरोबर लक्षणेही लागतात. तथापि, ज्यांना कोणी विचारले नाही अशा माणसांतही हा शोथ असू शकतो, एवढे या अभ्यासाने निर्विवादपणे दाखविले.

याउलट, तपासणीसाठी आलेल्या निवडक रुग्णांतील आकडे फारच मोठे दिसतात. घास अडकण्याच्या तक्रारीसाठी दुर्बिणीची तपासणी झालेल्या प्रौढांत शंभरांपैकी सुमारे १२ ते २३ जणांत हा रोग निघतो. घास पूर्ण अडकून बसल्यामुळे तातडीने आलेल्यांत सुमारे निम्म्यांत. दिल्लीतील एका अभ्यासात, आम्ल वर चढण्याच्या तक्रारीच्या रुग्णांत शंभरांपैकी सुमारे तिघांत तो आढळला. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जपानमध्ये दुर्बिणीच्या तपासणीस आलेल्या २३ हजारांहून अधिक लोकांत अवघे चार रुग्ण निघाले, असा २०११ चा वृत्तांत आहे. या आकड्यांची लाखामागील आकड्यांशी तुलना करणे चूक होय; त्यांचा छेद निराळा आहे. भारतातील उपलब्ध आकडे बव्हंशी अशा रुग्णालयीन गटांचे आहेत. त्यांवरून रोग आपल्याकडे आहे, एवढे सिद्ध होते. लोकसंख्येत किती आहे, हे सिद्ध होत नाही.

५. वाढ खरी की भासमान?

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग ही सारी वाढ नावाचीच आहे. रोग पूर्वीपासून तेवढाच होता, फक्त आता दिसू लागला. जुन्या तुकड्यांच्या जपून ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या असता, आम्लविकार म्हणून नोंदलेल्या काही रुग्णांत हाच रोग होता, असे आढळले आहे. तेव्हा या म्हणण्यात तथ्य आहेच. पण ते पूर्ण सत्य नव्हे.

याचा सर्वांत चांगला पुरावा डेन्मार्कचा आहे. तेथे १९९७ साली नवोद्भव लाखामागे ०.१३ होता, तो २०१२ साली २.६ झाला, म्हणजे सुमारे वीसपट. याच काळात अन्ननलिकेचे तुकडे तपासण्याचे प्रमाणही वाढले. पण ते दुपटीहूनही किंचित कमी. केवळ अधिक शोधल्यामुळे अधिक सापडले असते, तर दोन्ही वाढी एकमेकींच्या आसपास राहिल्या असत्या. वीसपट आणि दुप्पट यांतील अंतर नुसत्या तपासण्यांच्या संख्येने भरून निघत नाही. अर्थात, तुकडा तोच असला तरी पाहणाऱ्याच्या मनातली व्याख्या बदललेली असते, हा आक्षेप उरतो. तरीही, वाढीचा काही भाग खरा आहे, या मताकडे आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे.

ही वाढ का व्हावी? दमा, इसब इत्यादी अधिहर्षताजन्य विकार याच काळात वाढले आहेत, आणि स्वच्छ पर्यावरणात बालपणी जंतूंशी परिचय कमी झाल्यामुळे प्रतिकारयंत्रणा भलत्याच गोष्टींविरुद्ध उठते, हे स्पष्टीकरण येथेही लावले जाते. जठरात वास करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचे प्रमाण घटल्यामुळे हा रोग वाढला असावा, असाही तर्क मांडला गेला. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांत मिळून केलेल्या तुलनेत या जंतूपासून संरक्षण मिळते असे दिसले नाही. पुरुषांत हा रोग स्त्रियांच्या दोन ते तीनपट का असावा, याचाही पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

६. गणनेबाहेरची माणसे

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येऊ. स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांच्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यक कालावधी सहा वर्षे निघाला. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांत अन्ननलिका अरुंद झाल्याचे प्रमाण शंभरांत १७ होते. वीस वर्षांहून अधिक विलंब झालेल्यांत ते ७१ होते. म्हणजे जो रुग्ण गणनेत उशिरा येतो, त्याची नळी दरम्यान आक्रसत असते. गणनेतील त्रुटी ही येथे केवळ कागदावरची त्रुटी राहत नाही.

सहा वर्षे माणूस काय करीत असतो? तो जुळवून घेतो. घासागणिक पाण्याचा घोट घेणे. अन्न पातळ करून, कुस्करून खाणे. जेवायला फार वेळ लावणे. चिवट पदार्थ ताटातून हळूच दूर सारणे. घास फार चावणे. औषधाची मोठी गोळी टाळणे. या सवयींची नोंद आता वैद्यकीय मार्गदर्शनात आवर्जून केली जाते. मराठी घरात या प्रत्येक सवयीवर सद्गुणाचे पांघरूण घालता येते. भाकरी आमटीत कुस्करून खाणे ही तर रीतच आहे. घास बत्तीस वेळा चावावा, असे वडीलधारी माणसे सांगतातच. सावकाश जेवणाऱ्याची कोणी चौकशी करीत नाही. झालीच तर स्तुती होते.

प्रस्तुत लेखकाला हे ऐकीव म्हणून ठाऊक नाही. वयाच्या विशीपासून ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्यावाचून खाली उतरत नसे, आणि पंगतीत सर्वांत शेवटी उठणारा म्हणून घरी त्याची थट्टा होत असे. या काळात छातीतील जळजळीसाठी तीन निरनिराळ्या डॉक्टरांकडे जाणे झाले. प्रत्येकाने विचारले, “गिळताना काही त्रास होतो का?” प्रत्येकाला प्रामाणिकपणे उत्तर दिले, “नाही.” पुढे एका लग्नात घास अडकला तो असा की, दोन तास पाण्याचा थेंबही खाली जाईना. दुर्बिणीने तो काढावा लागला. अस्तराचे तुकडे तपासले गेले, आणि अठरा वर्षांनंतर या रोगाचे नाव प्रथम कानी पडले. ओल्टेनसारखी नोंदवही आपल्याकडे असती, तर ही अठरा वर्षे प्रस्तुत लेखक तीत निरोगी म्हणूनच गणला गेला असता.

ते ‘नाही’ खोटे नव्हते. भाषेच्या अभ्यासकाने त्याची कारणे शोधली पाहिजेत. एक, ‘त्रास’ हा तुलनावाचक शब्द आहे. त्यात ‘नेहमीपेक्षा’ हे पद अध्याहृत असते. ज्याचे नेहमीचेच असे आहे, त्याला त्रास कसला? दोन, ‘गिळणे’ ही क्रिया मराठी भाषक घशाशी संपवतो. घास छातीच्या मध्यभागी थांबतो, ते त्याच्या लेखी गिळण्यात मोडत नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ‘घास घशाखाली उतरत नाही’ हा वाक्प्रचार आपल्याकडे लाक्षणिक अर्थाने रूढ आहे. आजारी मूल, परगावचा मुलगा, घरातले दुःख यांच्या संदर्भात आपण तो वापरतो. म्हणून एखादी वृद्ध स्त्री तो अक्षरशः वापरते, तेव्हाही ऐकणारा तिच्या चिंतेची विचारपूस करतो, अन्ननलिकेची नव्हे. ‘घास तोंडात फिरतो’ याचेही तसेच. वाच्यार्थाची जागा लक्ष्यार्थाने इतकी व्यापलेली असते की, वाच्यार्थाने बोलणाऱ्याला ऐकणारा उरत नाही.

यावर उपाय कठीण नाही, प्रश्न बदलावा. “त्रास होतो का?” असे विचारण्याऐवजी “जेवताना किती वेळा पाणी प्यावे लागते? तुमचे जेवण इतरांच्या मागाहून आटोपते का? कोरडी भाकरी, मांस, मोठी गोळी टाळता का? घास छातीत थांबल्यासारखा कधी वाटला का?” असे विचारावे. सवयीविषयी विचारलेल्या प्रश्नाला माणूस सवयीचे खरे उत्तर देतो. उपचार उपलब्ध आहेत : आम्लरोधक औषध, दाह कमी करणारे, गिळून अन्ननलिकेच्या अस्तरावर लावायचे स्टेरॉइड, कारणीभूत अन्नघटक शोधून वगळणे, नळी अरुंद झाली असल्यास ती रुंद करणे, आणि २०२२ पासून अमेरिकेत मान्य झालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शन. यांतील कोणता कोणाला, हे ठरविणे तज्ज्ञाचे काम आहे; त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे योग्य प्रश्नाचे काम आहे.

७. निष्कर्ष

सारांश असा : जेथे काळजीपूर्वक गणना झाली आहे अशा पाश्चात्त्य देशांत प्रौढांतील या रोगाची व्याप्ती लाखामागे सुमारे ४० ते ६० अशी दीर्घकाळ दिली जात होती, अलीकडच्या अमेरिकी नोंदींत ती लाखामागे १४० च्या घरात गेली आहे. रुग्णांत पुरुष अधिक असून विशी ते चाळिशीतील वय प्रमुख आहे. वाढीचा काही भाग नावामुळे, काही व्याख्येमुळे व काही शोधामुळे झालेला आहे; पण डेन्मार्कचा पुरावा पाहता काही भाग खरा आहे. हे आकडे सापडलेल्यांचे असल्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण त्यांहून अधिकच असण्याचा संभव आहे.

शेवटी एक सूचना. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत, आणि गोव्यात, घास अडकण्याच्या अनुभवासाठी लोक कोणते शब्द योजतात, त्यांतले वाच्यार्थाने किती व लक्षणेने किती वापरले जातात, याचा पद्धतशीर संग्रह करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य आहे. प्रबंधिकेसाठी हा विषय पुरेसा आहे. असा संग्रह तयार झाल्यास तो वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाठवावा. रुग्णांना विचारावयाच्या प्रश्नावलीचे मराठी रूप त्यावरूनच सिद्ध होऊ शकेल. या कामास प्रवृत्त होणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रस्तुत लेखक आपली टिपणे आनंदाने देईल.